कर्नल, गव्हर्नर आणि वॉरंटसाहेब

चंदीगडला रुजू झालो त्या पहिल्या आठवड्यात माझी पक्की समजूत होती, की या माणसावर वॉरंट निघालेलं आहे. शिपाई, क्लार्क, माळी, सगळे त्यांना बघितलं की बिडी विझवायचे आणि हलक्या आवाजात "वरंट साब आ गए" म्हणायचे. मी चोवीस वर्षांचा, पुण्याचा, आयुष्यात कधी पोलिस चौकीची पायरी न चढलेला. मी त्यांच्याशी बेताचंच बोलायचो. एकदा फाटकापाशी पोलिसांची जीप उभी दिसली, तेव्हा माझ्यातली माणुसकी जागी झाली आणि मी त्यांच्या कानाशी जाऊन म्हणालो, "सर, मागच्या दारानं निघता येईल."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "काहून? मागच्या दाराशी काय आहे?"

हवाई दलात वॉरंट ऑफिसर नावाचा एक हुद्दा असतो आणि हे गृहस्थ तीस वर्षं विमानांच्या इंजिनांत हात घालून त्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले आहेत, हे मला क्लार्कनं समजावलं तेव्हा तो हसत हसत खुर्चीवरून घसरला होता. वॉरंटसाहेब मूळचे नागपूरचे. निवृत्तीनंतर ते चंदीगडलाच राहिले आणि आमच्या औषध संशोधन संस्थेत उपकरण विभाग सांभाळू लागले. प्रयोगशाळांतली यंत्रं, कॉम्प्युटर, इमारतीमागचा डिझेल जनरेटर आणि मी, एवढं त्यांच्या ताब्यात होतं. मला ते 'पुणेकर' म्हणायचे. त्यात आडनाव कमी आणि आरोप जास्त असायचा.

त्यांच्या जगात वस्तूंच्या दोनच जाती होत्या: एस आणि यू-एस. सर्व्हिसेबल आणि अनसर्व्हिसेबल. चालू ते एस, बिघडलं ते यू-एस. तशा हिरव्या आणि लाल पाट्या त्यांनी करून घेतल्या होत्या आणि त्या ते स्वतःच्या हातानं अडकवायचे. माणसांनाही हाच कायदा. सर्दी झाली की, "आज मी यू-एस आहे, लांबून बोल." एका सोमवारी ते म्हणाले, "तुझी काकू दोन दिवसांपासून यू-एस आहे." तेव्हा घराघरातून कोणी ना कोणी अमेरिकेला चाललेलं असायचं. मी उत्साहानं अभिनंदन केलं आणि विचारलं, "कोणाकडे उतरल्यात?"

"पलंगावर," ते म्हणाले. काकूंची, म्हणजे त्यांच्या बायकोची, कंबर धरली होती.

फिरतं ते इंजिन, ही त्यांची दुसरी श्रद्धा. कॉम्प्युटर फिरत नाही, हे मी त्यांना अनेकदा समजावून पाहिलं. पंखा फिरतो, डिस्क फिरते, मग आणखी काय फिरायला पाहिजे, असं त्यांचं उत्तर. प्रोसेसर सेकंदाला किती ठोके टाकतो तो आकडा असतो ना मेगाहर्ट्झचा, त्याला ते आरपीएम म्हणायचे. खिशात एक लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर. त्याचं टोक यंत्राला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून ऐकायचं. एकदा एका कॉम्प्युटरचं असं ऐकून म्हणाले, "डिस्क खोकून राहिली. कॉपी करून घे." मी मनात हसलो आणि कॉपी करून घेतली नाही. आठव्या दिवशी ती डिस्क गेली, आणि तिच्याबरोबर कॉपी न केलेलं सगळं गेलं, त्यात माझा लग्नासाठी तयार केलेला बायोडेटाही. तो पुन्हा लिहिताना मी माझी उंची एका इंचानं वाढवून घेतली, एवढाच काय तो फायदा.

स्कूटरवर त्यांच्यामागे बसणं म्हणजे शिक्षण होतं. चंदीगडचे रस्ते सरळ, अंतरं ठरलेली, चौक ठरलेले. सत्तेचाळीस सेक्टरमधल्या घरापासून संस्थेपर्यंत ते ब्रेक न लावता यायचे. पुढचा सिग्नल किती वेळानं हिरवा होणार हे त्यांना पाठ, त्या बेतानं वेग कमी-जास्त. मागून गाड्या हॉर्न मारत पुढे जायच्या आणि पुढच्या लाल दिव्यापाशी आमची वाट बघत उभ्या असायच्या. त्यांचा मुलगा, ज्याला मराठी सगळं कळायचं पण उत्तर हिंदीत यायचं, म्हणायचा, "पापा, बैलगाडी ले लो यार." त्यावर हे शांतपणे म्हणायचे, "जेवढं काम तेवढा वेग. रिकामं इंजिन पळवतो त्याला मी मेकॅनिक म्हणत नाही."

आणि रजिस्टर. हवाई दलात विमानाचा एक स्क्रू जरी कोणी फिरवला तरी वहीत नोंद होते: काय केलं, कोणी केलं, आणि ते तपासलं कोणी. दोन सह्या. त्याच धर्तीवर त्यांनी आमच्या विभागाचं एक जाड, लाल पाठीचं रजिस्टर घातलं होतं. कॉम्प्युटरवर साधा प्रोग्राम टाकला तरी लिहायचं आणि सही करायची, खाली ते तपासून सही करणार. शिवाय रोज सकाळी दहाला प्रत्येक यंत्राचा आरपीएम बघून लिहायचा. हे काम माझ्याकडे आलं. मी म्हणालो, "सर, हा आकडा कधी बदलत नाही."

"तुले कसं माहीत? तू बघतच नाहीस."

बरोबर होतं. मी बघत नव्हतोच. महिन्याच्या पहिल्या तारखेला एका बैठकीत, एकाच पेनानं, तिसाच्या तीस खणांत अठराशे, अठराशे, अठराशे असं लिहून टाकायचो आणि दहा वाजता चहाला जायचो.

आता माझ्या पराक्रमाकडे येतो.

मे महिना होता. उपकरणांच्या खोलीतला एसी यू-एस, कॉम्प्युटर तापलेले, वीज गेली की बॅटरी वीस मिनिटांत संपायची. त्या दिवसांत लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्या कॉम्प्युटरचा आतला कारभारी, स्वतः बांधून घेता यायचा. पडद्यावर लांबलचक यादी येते, हवं त्याच्यापुढे खूण करायची. त्या यादीत मला 'फ्रीक्वेन्सी स्केलिंग' सापडलं. प्रोसेसरला काम नसेल तेव्हा त्याचा वेग उतरवायचा, काम आलं की चढवायचा. केव्हा उतरवायचा आणि केव्हा चढवायचा हे जो ठरवतो, त्याला कर्नलमध्ये गव्हर्नर म्हणतात. गव्हर्नर चार-पाच प्रकारचे. मी 'ऑन डिमांड' निवडला. मागणी येईल तसा वेग. तासभर कर्नल बांधला, बसवला, आणि कॉम्प्युटर थंड झाला. मी स्वतःवर इतका खूश झालो, की रजिस्टरमध्ये नोंद करताना मला वॉरंटसाहेबांची नक्कल करायची लहर आली. त्यांच्या फिटर-इंग्रजीत, त्यांच्यासारख्याच मोठ्या अक्षरांत मी लिहिलं: 'न्यू गव्हर्नर फिटेड. ऑन डिमांड. रनिंग कूल.' यंत्र क्रमांकाचा रकाना आळसानं रिकामा सोडला.

दुसऱ्या दिवशी वॉरंटसाहेब माझ्या टेबलाशी आले. हातात डबा. चेहऱ्यावर असं काही होतं जे मी यापूर्वी पाहिलं नव्हतं. नंतर कळलं ते कौतुक होतं.

"पुणेकर, मी ऐकलं. एकदम स्मूथ चालून राहिला. मला वाटलं नव्हतं तू हात काळे करशील."

मला वाटलं त्यांनी प्रोसेसरला स्क्रूड्रायव्हर लावून ऐकलं. मी नम्रपणे मान खाली घातली. मग ते डिझेलबद्दल बोलू लागले आणि माझ्या हळूहळू लक्षात आलं. गव्हर्नर नावाचा एक खराखुरा भाग असतो. इंजिनावर बसतो, त्याचे दोन गोळे गरगर फिरतात, इंजिन जास्त पळायला लागलं की तो त्याला आवरतो. आमच्या जनरेटरचा गव्हर्नर कित्येक महिने अडकत होता आणि दिवे लपलप करायचे. आदल्या दिवशी, आम्हा दोघांना न कळवता, देखभालीवाला कंत्राटदार येऊन तो साफ करून गेला होता. वॉरंटसाहेबांनी जनरेटर ऐकला, रजिस्टर वाचलं, आणि माझ्या नोंदीखाली झोकदार सही ठोकली.

त्या क्षणी मी म्हणायला हवं होतं, की सर, तो मी नव्हेच. पण डबा उघडला होता. काकूंनी खास माझ्यासाठी सांबारवडी पाठवली होती. मी ती हातात धरून सांबाराची वाट पाहत बसलो. नागपूरकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात हेही मला त्याच दिवशी कळलं. मग मी सगळ्या वड्या खाल्ल्या, आणि एवढं खाल्ल्यावर खरं बोलायला जागा उरली नाही.

दीड महिन्यानं खरडची मुलगी आली. आमच्या संस्थेतली ही रिसर्च स्कॉलर, चंदीगडबाहेरच्या खरड गावाहून पहाटेच्या बसनं यायची. तिच्या प्रयोगात मिठाच्या पाण्यात बेडकाचं हृदय तासन्‌तास धडधडत राहायचं, त्यावर औषधाचा थेंब टाकायचा आणि ठोके मोजायचे. मोजणारा कॉम्प्युटर आमचा, त्यावरचा प्रोग्राम माझा. ती दारात उभी राहून म्हणाली, की ती शेजारी बसलेली असली की हृदय मिनिटाला पंचेचाळीस ठोके टाकतं, आणि ती चहाला गेली की ऐंशी. औषध न टाकतासुद्धा. तिचे गाइड बघायला आले की पुन्हा पंचेचाळीस. गाइडचं म्हणणं होतं, की ऐंशीचे आकडे तिनं घरी बसून घातलेत. शुक्रवारी समितीची बैठक होती. तीन महिन्यांचं काम खोटं ठरलं, तर तिची मुदतवाढ जाणार होती, आणि घरी लग्नाचा विषय पाटावर तयारच होता.

मी काय केलं? मी विनोद केला. म्हणालो, बेडूक तुला घाबरत असेल. ती हसली नाही.

वॉरंटसाहेब कोपऱ्यात बसून ऐकत होते. ते उठले, "चल बेटा," म्हणाले आणि तिच्याबरोबर गेले. मीही मागोमाग. त्यांनी एक स्टूल ओढलं, कॉम्प्युटरचा पडदा बंद केला, खिशातून किल्लीचं जुनं स्टॉपवॉच काढलं आणि त्या नखाएवढ्या हृदयाकडे बघत मोजायला बसले. दर पाच मिनिटांनी कागदावर एक आकडा. दोन तास. मध्ये कोणी चहा आणला, तो त्यांनी नजर न हलवता प्यायला. शेवटी कागद पुढे केला: चव्वेचाळीस, पंचेचाळीस, चव्वेचाळीस. मग पडदा लावून कॉम्प्युटरनं काय लिहिलंय ते पाहिलं: ऐंशी, एकोणऐंशी, ऐंशी.

"हार्ट एस आहे," ते म्हणाले. "घड्याळ खोटं बोलून राहिलं. पुणेकर, तुझा कॉम्प्युटर सेकंद कशावर मोजतो?"

 ते मला एकट्यालाच माहीत होतं. तो प्रोग्राम लिहिताना मी साधं घड्याळ वापरायचं सोडून प्रोसेसरचे ठोके मोजले होते. एवढे ठोके म्हणजे एक सेकंद, तो आकडा मीच अठराशेच्या हिशेबानं हातानं लिहिलेला. आता याच कॉम्प्युटरवर मी बसवलेला नवा गव्हर्नर, कोणी बघत नसलं, पडदा बंद असला, की प्रोसेसरला हजारावर आणायचा. प्रोसेसर रेंगाळला, की प्रोग्रामला वाटायचं वेळच कमी गेला, आणि त्या कमी वेळात ठोके तेवढेच. म्हणजे हृदय पळतंय. कोणी येऊन माउस हलवला, आलेख उघडला, की प्रोसेसर खडबडून अठराशेवर, आणि हृदय लगेच शहाणं.

मी म्हणालो, "बघतो, सर." आणि खोलीत येऊन गुपचूप वेग कायमचा अठराशेवर बांधून टाकला. माझा बेत असा, की उद्यापासून आकडे बरोबर येतील आणि मागचं बेडकाच्या नावावर जाईल. मुलीच्या तीन महिन्यांचं काय, हा प्रश्न माझ्या बेतात नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉरंटसाहेबांनी मला समोर बसवलं आणि रजिस्टर उघडलं. ऐंशीचा आकडा पहिल्यांदा कधी आला ती तारीख त्यांनी मुलीकडून आणली होती. त्या तारखेच्या आसपास कोणी काय फिरवलं, ते एकेक ओळीवर बोट ठेवून बघत होते. आधी माझ्या आरपीएमच्या रकान्यावर बोट थांबलं. अठराशे, अठराशे, अठराशे. "हा तर बदलला नाही," ते म्हणाले आणि पुढे सरकले. मग माझी नोंद आली. 'न्यू गव्हर्नर फिटेड.' तीही त्यांनी ओलांडली. "हे जनरेटरचं."

इथे मी गप्प बसलो असतो, तर आजही गप्पच असतो. का बोललो मला माहीत नाही. कदाचित ते बोट इतक्या विश्वासानं माझ्या ओळीवरून पुढे गेलं म्हणून असेल.

"जनरेटरचं नाही, सर."

मग मी सगळं सांगितलं. कर्नल म्हटल्यावर ते एकदा म्हणाले, "आपल्याकडे कर्नल कुठून आला?" ते समजावलं. गव्हर्नर समजावला. आरपीएमचा रकाना कसा भरला तेही सांगितलं. त्यांनी टेबलावरची पेन्सिल घेतली, ब्लेडनं तासली, टोक बघितलं, पुन्हा तासली.

"आणि सांबारवडी?"

"खाल्ली, सर."

"सगळी?"

"सगळी."

त्यांनी मान हलवली. रागावले असते तर बरं झालं असतं.

शुक्रवारी ते हवाई दलाचा टाय आणि ब्लेझर घालून आले. जूनचा शेवट, बाहेर डांबर वितळतंय, आणि हे ब्लेझरमध्ये. काखेत रजिस्टर. बैठकीत गाइड, दोन प्राध्यापक, आणि भिंतीशी ती मुलगी, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. मला वाटलं होतं मला पुढे ढकलतील. त्यांनी रजिस्टर टेबलावर उघडून ठेवलं आणि हिंदीत सांगितलं, की हृदय ठीक होतं, मुलगी ठीक होती, घड्याळ आमच्या विभागानं बिघडवलं.

एका प्राध्यापकानं नोंद वाचून विचारलं, "ये गवर्नर कौन-सा?" पंजाबचे राज्यपालच चंदीगडचा कारभार बघतात, त्यामुळे दुसऱ्याच्या चेहऱ्यावर क्षणभर काळजी दिसली.

"साब, काम इस लड़के का है," वॉरंटसाहेब म्हणाले. "पर नीचे जाँच के दस्तख़त मेरे हैं. बिना समझे किए हैं. ग़लती मेरी."

माझ्या बाजूनं मी एवढंच केलं, की सगळ्यांना प्रयोगशाळेत नेऊन गव्हर्नर पुन्हा लावून दाखवला. पडदा बंद, पाच मिनिटं बाहेर थांबलो, आत येऊन पाहिलं: ऐंशी. माउस हलवला: पंचेचाळीस. गाइडनी स्वतः हलवून पाहिला. थांबले, बाहेर जाऊन आले, परत हलवला. चौथ्या वेळी ते लहान मुलासारखे हसले, आणि मग एकदम गंभीर होऊन मुलीकडे वळून म्हणाले, "सॉरी, बेटा." ती म्हणाली, "सर, पर मेरा डाटा?"

त्याचंही उत्तर वॉरंटसाहेबांनीच आदल्या दिवशी माझ्याकडून काढून घेतलं होतं. हृदयाची हालचाल टिपणाऱ्या, कॉम्प्युटरमधल्या कार्डाला स्वतःचं वेगळं घड्याळ आहे का, असं त्यांनी विचारलं होतं. होतं. मी ते वापरायचा कंटाळा केला होता. ते कधी रेंगाळलं नव्हतं, त्याचे ठोके फायलीत जसेच्या तसे पडलेले होते. आठ दिवस बसून मी तीन महिन्यांच्या नोंदी त्यावरून पुन्हा मोजल्या. शेजारी खुर्ची टाकून वॉरंटसाहेब बसलेले, दर शंभराव्या ओळीला "दाखव." मुदतवाढ मिळाली. दोन वर्षांनी ती पुढच्या शिक्षणाला अमेरिकेला गेली. मी बातमी दिली, की खरडची मुलगी यू-एसला गेली. ते दचकले, मग समजून म्हणाले, "एस असून?"

त्या प्रकरणाचा लेखी ठपका मात्र वॉरंटसाहेबांवर आला. तीस वर्षांच्या नोकरीत एकही नव्हता, हे ते पूर्वी अधूनमधून सांगायचे. नंतर कधी सांगितलं नाही. तो कागद त्यांनी डिंक लावून रजिस्टरमध्ये, बरोबर माझ्या नोंदीसमोर चिकटवला.

आणि मग, साठीच्या पुढचा तो माणूस वही-पेन्सिल घेऊन माझ्यासमोर बसला. "शिकव. सही करतो ते समजलं पाहिजे." तीन दिवस मी कर्नलचे गव्हर्नर शिकवले. सतत पूर्ण वेगानं पळवणारा 'परफॉर्मन्स' ऐकून म्हणाले, माझा मुलगा मोटरसायकलवर. कायम रेंगाळणारा 'पॉवरसेव्ह': तू, सकाळी दहाला. वापरणारा सांगेल तेवढाच वेग ठेवणारा तिसरा: मी, काकूसमोर. 'ऑन डिमांड'पाशी ते थांबले. "हा हुशार आहे," म्हणाले. "पण कोणी बघितलं की मगच जागा होतो. त्याच्याजवळ घड्याळ देऊ नये."

चंदीगड सोडताना मी त्यांच्याकडे एकच गोष्ट मागितली, त्या पानाची झेरॉक्स. ती अजून माझ्याकडे आहे. माझी ती नक्कल केलेली नोंद, तिच्याखाली त्यांची झोकदार सही, समोर डिंकाचा डाग पडलेला ठपका. आणि तळाला, बैठकीच्या दिवशी त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या तीन ओळी:

हार्ट: सर्व्हिसेबल.
गव्हर्नर: रिमूव्हड.
ऑपरेटर: अंडर ऑब्झर्वेशन.

पहिल्या दोन ओळींपुढे तपासल्याची त्यांची सही आहे. तिसरीपुढची जागा रिकामी. झेरॉक्स देताना ती जागा मी त्यांना बोटानं दाखवली. त्यांनी चष्मा वर केला, वाचलं, आणि म्हणाले, "ते अजून तपासून झालं नाही."

आता इतक्या लांबून ते तपासणार कोण? नव्या नोकरीतही रोज सकाळी दहाला मी आकडा बघून मगच लिहितो.